जुन्या सार्वजनिक वसाहतींचे नूतनीकरण : झाशीसारख्या शहरांपुढील खर्चाचा प्रश्न

घरांच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा नव्या घरांच्या संख्येभोवती फिरते. किती घरे मंजूर झाली, किती पूर्ण झाली आणि किती लाभार्थ्यांना चाव्या मिळाल्या, हे आकडे अर्थसंकल्पात व अहवालांत ठळकपणे मांडले जातात. परंतु शासनाने, शासकीय उपक्रमांनी किंवा गृहनिर्माण मंडळांनी तीस, पन्नास अथवा शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या घरांचे आज काय झाले आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर नवे घर हा 'प्रवाह' आहे, तर उभी असलेली घरे हा 'साठा' आहे. प्रवाह वाढत असताना साठा झिजत राहिला, तर निव्वळ वाढ अपेक्षेपेक्षा फारच कमी राहते. म्हणूनच जुन्या सार्वजनिक घरांची दर्जावाढ कमीत कमी खर्चात कशी करता येईल, हा गृहनिर्माण धोरणाचा महत्त्वाचा परंतु दुर्लक्षित भाग ठरतो. प्रस्तुत लेखात उत्तर प्रदेशातील झाशी या मध्यम आकाराच्या शहराच्या संदर्भात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

झाशीतील सार्वजनिक घरांचे स्वरूप

मराठी वाचकाला झाशीची ओळख राणी लक्ष्मीबाईंमुळे असते. आधुनिक झाशी मात्र मुख्यतः रेल्वे आणि लष्करी छावणी यांच्या आधारे वाढली. १८९५ मध्ये येथे रेल्वेची कार्यशाळा सुरू झाली आणि कामगार, चालक, गार्ड व अधिकारी यांच्यासाठी वसाहती उभ्या राहिल्या. १९५१ मध्ये मध्य रेल्वेची स्थापना झाल्यानंतर झाशी विभागाचा कारभार मुंबईच्या मुख्यालयाशी जोडलेला होता. १ एप्रिल २००३ पासून हा विभाग प्रयागराज येथे मुख्यालय असलेल्या उत्तर मध्य रेल्वेकडे आला. १९७० च्या दशकात शहराबाहेर भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सार्वजनिक उपक्रमाचा रोहित्रांचा कारखाना सुरू झाला व त्याची स्वतंत्र वसाहत निर्माण झाली. याशिवाय छावणीतील निवासस्थाने आहेत, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या उत्तर प्रदेश आवास व विकास परिषदेच्या योजनेतील घरे आहेत आणि राज्य शासनाच्या विविध खात्यांची कर्मचारी निवासस्थानेही आहेत.

२०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ५ लाख लोकसंख्येच्या या शहरात सार्वजनिक घरांचे मालक अशा प्रकारे अनेक आहेत. कोणाचे अंदाजपत्रक दिल्लीत ठरते, कोणाचे प्रयागराजला, तर कोणाचे लखनौला. घरे एकाच शहरात, एकाच हवामानात व जवळजवळ सारख्याच समस्यांनी ग्रासलेली असतात. मात्र त्यांच्या दुरुस्तीचे निर्णय वेगवेगळ्या ठिकाणी घेतले जातात. खर्च वाढण्याचे एक कारण येथेच दडलेले आहे.

दुसरा विशेष हवामानाचा. बुंदेलखंडात मे-जून महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. वरच्या मजल्यावरील सपाट काँक्रीट छत दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडते. पावसाळ्यात त्याच छतातून पाणी झिरपते. अशा घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने दर्जावाढ म्हणजे दर्शनी भिंतीची रंगरंगोटी नव्हे. रात्री झोप मिणे, भिंतीची ओल जाणे, नळाला पाणी येणे आणि शौचालय वापरण्याजोगे असणे हा तिचा खरा अर्थ होय.

जमीन खर्च भागवते तेव्हा

जुन्या वसाहतीपुढे ढोबळमानाने दोन मार्ग असतात. पहिला मार्ग पुनर्विकासाचा, म्हणजे जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचा. दुसरा मार्ग नूतनीकरणाचा, म्हणजे मूळ सांगाडा राखून त्याची दुरुस्ती व सुधारणा करण्याचा.

मोठ्या महानगरांत पहिल्या मार्गाचे आकर्षण अधिक आहे. मुंबईत १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी बांधलेल्या २०७ 'बीडीडी' चाळी हे त्याचे ठळक उदाहरण होय. वरळी येथे १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ अशी त्यांची विभागणी होती. सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली आणि मजल्यावर सामाईक शौचालये, अशी त्यांची रचना होती. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील चाळींचा पुनर्विकास 'म्हाडा'मार्फत हाती घेण्यात आला असून प्रत्येक पात्र रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर विनामूल्य देण्याचे ठरले. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. दिल्लीत सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर आदी सात शासकीय वसाहतींच्या पुनर्विकासाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१६ मध्ये मंजुरी दिली. १२,९७० जुन्या निवासस्थानांच्या जागी २५,६६७ नवी निवासस्थाने बांधण्याचा हा ३२,८३५ कोटी रुपयांचा प्रकल्प व्यापारी जागेच्या विक्रीतून स्वतःचा खर्च स्वतः भागवणारा म्हणून आखण्यात आला.

या दोन्ही उदाहरणांत बांधकाम स्वस्त झालेले नाही. खर्च जमिनीच्या किमतीतून वसूल केला जातो. हे तत्त्व समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. समजा, बांधकामाचा खर्च दोन्ही शहरांत चौरस फुटाला २,५०० रुपये आहे. जुन्या रहिवाशासाठी १०० चौरस फूट विनामूल्य बांधायचे, तर २ लाख ५० हजार रुपये लागतील. महानगरात विक्रीची किंमत चौरस फुटाला २०,००० रुपये असेल, तर विक्रीसाठी बांधलेल्या प्रत्येक चौरस फुटामागे १७,५०० रुपये उरतात. म्हणजे अवघे १४ ते १५ चौरस फूट अतिरिक्त क्षेत्र विकून खर्च निघतो. मध्यम शहरात विक्रीची किंमत ३,५०० रुपये असेल, तर चौरस फुटामागे केवळ १,००० रुपये उरतात आणि तेवढ्याच वसुलीसाठी २५० चौरस फूट विकावे लागतात. पहिल्या ठिकाणी एकूण बांधकाम जुन्याच्या सुमारे १.१४ पट होते, तर दुसऱ्या ठिकाणी साडेतीनपट. संक्रमण शिबिरांचा खर्च, व्याज आणि विलंब यांचा यात समावेशही केलेला नाही.

चटईक्षेत्र निर्देशांक वाढवून देणे हा यावरचा उपाय नाही, कारण निर्देशांक वाढवल्याने बाजारात ग्राहक निर्माण होत नाहीत. ज्या शहरात जमीन पुरेशी स्वस्त आहे, तेथे बहुमजली इमारतीतील महाग घर घेण्याचे कारण सामान्य कुटुंबाला नसते. तात्पर्य, मुंबई व दिल्लीचे वित्तीय प्रारूप झाशीला जसेच्या तसे लागू पडत नाही. जेथे जमीन खर्च भागवू शकत नाही, तेथे मूळ खर्चच कमी करावा लागतो.

विलंबाची किंमत

जुन्या घराच्या दर्जावाढीचा खर्च मोठा का होतो, याचे सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे लांबणीवर पडलेली देखभाल. गच्चीवरील एका भेगेतून पाणी झिरपू लागते. काँक्रीटमधील सळईला ओलावा व हवा मिळाली की ती गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट अधिक असल्याने आतून दाब निर्माण होतो, काँक्रीटचे पोपडे सुटतात, सळई उघडी पडते आणि गंजण्याचा वेग आणखी वाढतो. सुरुवातीला भेग बुजवून व जलरोधक थर देऊन भागणारे काम काही वर्षांनी छत टेकू देऊन उभे ठेवण्यापर्यंत जाते.

काँक्रीटच्या टिकाऊपणासंदर्भात डी सिटर यांनी १९८४ मध्ये 'पाचांचा नियम' मांडला. योग्य आराखडा व बांधकामाच्या टप्प्यावर वाचवलेला १ रुपया वेळेवरच्या देखभालीच्या टप्प्यावर ५ रुपये, दुरुस्तीच्या टप्प्यावर २५ रुपये आणि संपूर्ण पुनर्स्थापनेच्या टप्प्यावर १२५ रुपये खर्चाला कारण होतो, असा त्याचा आशय आहे. हा अचूक मोजमापाचा नियम नसून अनुभवसिद्ध आडाखा आहे. तरीही खर्च सरळ रेषेत न वाढता पटीत वाढतो, हे सूत्र धोरणकर्त्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

असे असूनही देखभाल मागे का पडते? देखभाल हा महसुली खर्च आहे. वित्तीय काटकसरीची वेळ आली की त्याला प्रथम कात्री लागते. कारण या वर्षी गच्चीची दुरुस्ती टाळल्याचा परिणाम या वर्षीच्या हिशेबात दिसत नाही. नवी इमारत मात्र भांडवली खर्चात धरली जाते व डोळ्यांना दिसते. त्यामुळे महसुली खर्चात झालेली लहान बचत पुढे मोठ्या भांडवली खर्चाच्या रूपाने परत येते.

मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींचा इतिहास हेच सांगतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर गोठलेल्या भाड्यातून मालकांना दुरुस्ती परवडेनाशी झाली. अखेर १९६९ च्या कायद्याने रहिवाशांकडून उपकर घेऊन शासकीय मंडळामार्फत दुरुस्ती करण्याची व्यवस्था निर्माण करावी लागली. त्या वेळी अशा १९,६४२ इमारती होत्या व त्यांपैकी १६,५०२ इमारती १९४० पूर्वीच्या होत्या. या इमारती खाजगी मालकीच्या असल्या, तरी त्यांच्यापासून मिळणारा धडा सार्वजनिक घरांनाही लागू आहे. भाडे आणि देखभाल यांचा संबंध तुटला की घराचे आयुष्य घटते व अखेरचा भार शासनावरच येतो.

नूतनीकरण की नवे बांधकाम : तुलनेची रीत

दोन पर्यायांची तुलना करताना केवळ आजचा खर्च पाहणे पुरेसे नसते. समजा, एका निवासस्थानाच्या नूतनीकरणाला ३ लाख रुपये लागतात व त्यामुळे त्याचे आयुष्य १५ वर्षांनी वाढते. नव्या निवासस्थानाला १२ लाख रुपये लागतात व ते ६० वर्षे टिकते. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) साध्या भागाकाराने दोन्ही पर्यायांचा वार्षिक खर्च २० हजार रुपयेच येतो. परंतु पैशाला काळाचे मूल्य असते. ८ टक्के व्याजदर धरून वार्षिक हप्ता काढला, तर नूतनीकरणाचा हप्ता सुमारे ३५ हजार रुपये व नव्या घराचा सुमारे ९७ हजार रुपये होतो. म्हणजे आयुष्य एकचतुर्थांश असूनही नूतनीकरणाचा वार्षिक भार नव्या घराच्या सुमारे एकतृतीयांश राहतो. यालाच जीवनचक्र खर्चाची पद्धत म्हणतात.

तथापि, ही पद्धत डोळे मिटून वापरता येत नाही. नवे घर मोठे व अधिक सोयीचे असेल, तर त्याचा लाभही हिशेबात धरावा लागतो. पायाच खचला असेल, सळया बहुतांशी गंजल्या असतील किंवा इमारत राहण्यास धोकादायक ठरली असेल, तर दुरुस्तीवरील खर्च वाया जातो. मुंबईतील दुरुस्ती मंडळाच्या व्यवस्थेत प्रति चौरस मीटर खर्चाची एक कमाल मर्यादा ठरवलेली असते व दुरुस्तीचा खर्च तिच्या पलीकडे जाणार असेल, तर इमारत दुरुस्तीच्या दृष्टीने आर्थिकदृष्ट्या अयोग्य मानली जाते. अशी मर्यादा जीवनचक्र खर्चाच्या आधारे ठरवणे व तिचा वेळोवेळी आढावा घेणे, हे प्रत्येक मालक-संस्थेचे काम आहे.

खर्च कमी करण्याचे मार्ग

१. आधी निदान, मग अंदाजपत्रक : सर्व घरांना सारखीच रक्कम वाटून देण्यात पैसा वाया जातो. प्रत्येक इमारतीची संरचनात्मक तपासणी करून 'किरकोळ दुरुस्ती', 'मोठी दुरुस्ती' व 'पाडण्यायोग्य' असे तीन गट पाडल्यास तिसऱ्या गटावरील निरर्थक रंगरंगोटी टळते आणि पहिल्या गटातील घरे दुसऱ्या गटात जाण्यापूर्वी वाचवता येतात.

२. कामांचा योग्य क्रम : पाण्याचा बंदोबस्त प्रथम व्हावा. गच्ची, पावसाळी नळ, स्नानगृहातील गळती व सांडपाण्याच्या वाहिन्या यांची कामे आधी, त्यानंतर काँक्रीटची दुरुस्ती व वीजजोडणी आणि अखेरीस गिलावा व रंग, असा क्रम पाळला नाही, तर तेच काम दोनदा करावे लागते. रंग दिलेली भिंत नळ बदलण्यासाठी पुन्हा फोडली जाणे, हे वेगवेगळ्या शीर्षांखाली वेगवेगळ्या वेळी निधी येण्याचे फलित असते.

३. नमुन्यांची पुनरावृत्ती : सार्वजनिक वसाहतींची घरे ठराविक नमुन्यांनुसार बांधलेली असतात. त्यामुळे एका नमुन्याच्या दोन-चार घरांत प्रयोग करून, त्यातील चुका दुरुस्त करून तोच आराखडा शेकडो घरांना लावता येतो. खाजगी घरांना न मिळणारा हा लाभ सार्वजनिक मालकीत सहज उपलब्ध आहे.

४. एकत्रित खरेदी : मोठ्या मागणीमुळे किंमत किती उतरते, याचे उत्तम उदाहरण 'उजाला' योजनेचे आहे. एलईडी दिव्याची खरेदी किंमत २०१४ मध्ये ३१० रुपये होती. ती एकत्रित खरेदीमुळे २०१६ पर्यंत ३८ रुपयांपर्यंत खाली आली. तंत्रज्ञानातील प्रगतीचाही त्यात वाटा होता. झाशीतील रेल्वे, आवास परिषद, राज्य शासनाची खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी जलरोधक साहित्य, नळ, दारे-खिडक्या व पंखे यांची मागणी एकत्र नोंदवली, तर त्याच तत्त्वाचा लाभ मिळू शकतो.

५. रहिवाशांना न हलवता काम : कुटुंबांना अन्यत्र हलवण्याचा, भाडे देण्याचा व संक्रमण शिबिरे चालवण्याचा खर्च अंदाजपत्रकात कमी आणि प्रत्यक्षात फार मोठा असतो. सिंगापूरच्या गृहनिर्माण मंडळाने २००७ मध्ये सुरू केलेल्या घर सुधारणा कार्यक्रमात घरातील कामे साधारण १० दिवसांत, कुटुंब तेथेच राहत असताना उरकण्याची पद्धत बसवली. फ्रान्समधील बोर्दो शहरात ५३० सार्वजनिक घरांना रहिवाशांना न हलवता बाहेरून काचेच्या प्रशस्त सज्जांची जोड देण्यात आली. त्या कामातील वास्तुविशारद अॅन लाकातों व जाँ-फिलिप वासाल यांना २०२१ चा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. चांगल्या स्थितीतील इमारत पाडू नये, ही त्यांची भूमिका खर्चाच्या दृष्टीनेही विचारात घेण्यासारखी आहे.

६. उष्णतेवर स्वस्त उपाय : छताला चुन्याचा किंवा सूर्यकिरण परावर्तित करणारा पांढरा थर देणे, विटांच्या तुकड्यांचा कोबा करून त्यावर पांढऱ्या चिनी टाइलचे तुकडे बसवणे, खिडक्यांवर छज्जे देणे, हे उपाय थोड्या खर्चाचे आहेत. परावर्तक छतामुळे खोलीतील तापमान साधारणतः २ ते ५ अंशांनी कमी होऊ शकते. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र 'शीत छत' धोरण जाहीर केले. गच्चीच्या गळतीचे काम करतानाच हा थर दिल्यास मजुरी एकदाच द्यावी लागते. ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये आणलेली 'इको निवास संहिता' नव्या घरांच्या भिंती, छत व खिडक्यांसाठी असली, तरी तिच्यातील तत्त्वे जुन्या घरांच्या सुधारणेतही मार्गदर्शक ठरतात.

७. स्थानिक साहित्य व कौशल्य : झाशीपासून जवळच ओरछा येथे 'डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्हज' या संस्थेच्या 'ताराग्राम' केंद्रात दाबून तयार केलेले मातीचे ठोकळे, काँक्रीटची पातळ कौले अशा साहित्यावर दीर्घकाळ काम झाले आहे. भाजलेली चिकणमाती व चुनखडी वापरून क्लिंकरचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आणणाऱ्या 'एलसी-३' सिमेंटचे एक प्रात्यक्षिक घरही झाशीत बांधण्यात आले. या सिमेंटसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये मानक प्रसिद्ध केले. दूरवरून आणलेल्या मालाऐवजी असे पर्याय व प्रशिक्षित स्थानिक गवंडी वापरल्यास वाहतुकीचा खर्च घटतो आणि रोजगारही शहरातच राहतो.

काटकसर आणि स्वस्ताई यांतील भेद

खर्च कमी करणे आणि खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. निकृष्ट जलरोधक थर दिला, तर शासनाचा खर्च आज कमी दिसतो. परंतु दोन पावसाळ्यांनंतर ओल, आजारपण व विजेचे वाढीव देयक या रूपाने तो कुटुंबाला भरावा लागतो. केवळ सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या पद्धतीत हा धोका असतो. केंद्रीय वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार, गुणवत्ताप्रधान म्हणून घोषित केलेल्या कामांत दराबरोबर गुणवत्तेलाही कमाल ३० टक्के भारांक देता येतो. प्रत्येक दुरुस्तीचे काम त्यात बसणार नाही. अशा वेळी काही वर्षांची दोषदायित्व मुदत व रहिवाशांच्या सहभागाने होणारी तपासणी, हे सोपे उपाय उरतात. गळती थांबली की नाही, हे अभियंत्याच्या नोंदवहीपेक्षा त्या घरातील गृहिणीला अधिक निश्चितपणे सांगता येते.

खर्च कोणी करावा?

सार्वजनिक निवासस्थान मोडकळीस आले म्हणजे कर्मचारी ते नाकारतो किंवा सोडतो. अशा वेळी घर रिकामे राहते आणि शासनाला घरभाडे भत्ता द्यावा लागतो. सातव्या वेतन आयोगाच्या चौकटीत झाशीचा समावेश 'वाय' वर्गातील शहरांत होतो व जानेवारी २०२४ पासून तेथील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या भत्त्याचा दर मूळ वेतनाच्या २० टक्के झाला. १८,००० रुपये या किमान मूळ वेतनावर हा भत्ता दरमहा ३,६०० रुपये, म्हणजे वर्षाला ४३,२०० रुपये होतो. आधीच्या उदाहरणातील नूतनीकरणाचा वार्षिक हप्ता सुमारे ३५ हजार रुपये होता. म्हणजेच रिकामे घर राहण्यायोग्य करून ते भत्ता घेणाऱ्या कर्मचाऱ्याला दिले, तर वाचलेल्या भत्त्यातून हप्ता भागतो आणि उरलेले सुमारे ८ हजार रुपये नियमित देखभालीसाठी राहतात. जेथे अशा घरांना मागणी आहे, तेथे नूतनीकरण हा अनुत्पादक खर्च नसून बचत करणारी गुंतवणूक ठरते. अडचण एवढीच की भत्त्याची बचत एका शीर्षाखाली होते व दुरुस्तीचा खर्च दुसऱ्या शीर्षाखाली पडतो. ही दोन शीर्षे एकत्र पाहणारी यंत्रणा नसल्याने लाभदायक कामही रखडते.

ज्या घरांचे वाटप गरीब कुटुंबांना झाले आहे, तेथे वेगळी व्यवस्था लागेल. सिंगापूरमध्ये अत्यावश्यक सुरक्षा-कामांचा खर्च नागरिकांसाठी शासन करते, तर ऐच्छिक सुधारणांत कुटुंबाचा अल्प वाटा असतो. हे विभाजन तर्कसंगत आहे. छत, सळया, मलवाहिनी यांसारख्या सामाईक बाबींचा भार कुटुंबावर टाकल्यास कोणीच पुढाकार घेत नाही. सामाईक वस्तूंची जबाबदारी कोणाचीच राहत नाही, ही अर्थशास्त्रातील परिचित समस्या येथेही आढळते. यासाठी प्रत्येक वसाहतीचा राखीव देखभाल निधी असणे व त्यात मालक-संस्थेने दरवर्षी ठराविक भर घालणे आवश्यक आहे.

राष्ट्रीय धोरणात या विचाराची काही बीजे दिसतात. जुलै २०२० मध्ये मंजूर झालेल्या परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांच्या योजनेत, जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानासारख्या योजनांतून बांधून रिकाम्या राहिलेल्या घरांची दुरुस्ती करून ती भाड्याने देण्याची तरतूद होती. चंदीगड, सुरत, अहमदाबाद, राजकोट या शहरांत तिचा उपयोग झाला. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्येही भाड्याच्या घरांच्या घटकात हा पर्याय कायम ठेवण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मधील 'पीएम सूर्यघर' योजनेत गृहसंकुलांच्या सामाईक वीजवापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये साहाय्याची तरतूद झाली. मात्र गळक्या गच्चीवर सौर पटले बसवणे म्हणजे क्रम चुकवणे होय. आधी गच्ची दुरुस्त करावी, मगच पटले बसवावीत.

समारोप

झाशीसारख्या शहरांत जुन्या सार्वजनिक घरांचा प्रश्न जमिनीच्या किमतीवर सोडवता येणार नाही, ही मर्यादा प्रथम मान्य करावी लागेल. ती मान्य केल्यावर उपायांची दिशा स्पष्ट होते. मालक-संस्थांनी आपापल्या घरांची स्थितीदर्शक नोंदवही तयार करावी, शहर पातळीवर समन्वय ठेवून खरेदी व कंत्राटे एकत्र करावीत, देखभालीचा निधी कात्रीपासून सुरक्षित ठेवावा आणि वाचणारा घरभाडे भत्ता व होणारा दुरुस्ती खर्च एकाच हिशेबात मांडावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नव्या तंत्रज्ञानाची वाट पाहण्याची गरज नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाचा अभ्यास करताना स्थूल गुंतवणुकीतून घसारा वजा केल्याशिवाय निव्वळ गुंतवणूक समजत नाही, हे विद्यार्थी पहिल्या वर्षीच शिकतो. गृहनिर्माणाच्या धोरणालाही हेच सूत्र लागू आहे. दरवर्षी बांधलेल्या घरांच्या संख्येतून त्याच वर्षी राहण्यास अयोग्य झालेली घरे वजा केल्यावर जी संख्या उरते, तीच खरी प्रगती होय. वेळेवर बुजवलेली गच्चीची भेग त्या संख्येत नव्या घराइतकीच भर घालते, आणि तिचा खर्च नव्या घराच्या तुलनेत नगण्य असतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'जमिनीच्या किमतीवर आधारित पुनर्विकासाचे प्रारूप मध्यम शहरांना लागू पडत नाही.' सोदाहरण चर्चा करा.

२. महसुली खर्चातील कपातीमुळे भांडवली खर्च कसा वाढतो, हे सार्वजनिक घरांच्या देखभालीच्या संदर्भात स्पष्ट करा.

३. जीवनचक्र खर्चाची संकल्पना सांगून नूतनीकरण व नवे बांधकाम यांच्या तुलनेतील तिचा उपयोग व मर्यादा विशद करा.

४. सार्वजनिक घरांच्या दर्जावाढीत अत्यावश्यक व ऐच्छिक कामांच्या खर्चाची विभागणी कशी असावी? आपले मत कारणांसह मांडा.